दुसरी चावी काकाजींकडे

सायकलला कुलूप घ्यायला म्हणून काकाजींच्या दुकानात गेलेल्या माणसाला कुलूप बघायला मिळत नसे, आधी प्रश्न मिळे. "सायकल झोपते कुठी?" काकाजी हातातल्या चाकावरून मान वर न करता विचारायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं. घरीच झोपते, म्हणायचं. "घरी म्हंजे कुठी? घर तं लय मोठं रायते." मग जिन्याखाली की गॅलरीत, की नुसती फाटकाला टेकवून, तिथे दिवा असतो का, खालच्या मजल्यावर कोण राहतं, दूधवाला किती वाजता येतो, अशी सगळी उलटतपासणी व्हायची. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, अहो, पोलीससुद्धा एवढं विचारत नाहीत. काकाजी शांतपणे म्हणाले, "पोलीस मांगून इचारतात. मी आधी इचारतो."

अमरावतीला शेगाव नाक्यापासून आत वळलं की कडुलिंबाखाली त्यांचं दुकान होतं. अर्धं सायकलींचं, अर्धं फुलांचं. घर माळ्याचं. धाकटा भाऊ बडनेऱ्याकडे शेवंती आणि झेंडू करायचा, आणि ती फुलं घेऊन काकू दुकानाच्या डाव्या अंगाला हार ओवत बसायच्या. उजव्या अंगाला काकाजी, ट्यूबा, साखळ्या, पाने आणि डिझेलचं एक टमरेल. मधे भिंत नव्हती, त्यामुळे काकूंच्या हारांना कधीमधी ग्रीसचं बोट लागायचं. "देवाले चालते," काकाजी म्हणायचे. "देवाले चालते, गिऱ्हाइकाले नाई चालत," काकू सुईतून दोरा ओढत म्हणायच्या. त्या दोघांचं भांडण याच्यापुढे गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती शुगरमुळे. मी मूळची दर्यापूरची, नोकरी अमरावतीला एका सरकारी ऑफिसात, नवरा परतवाड्याला, शनिवारी यायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की चाला, नाहीतर सायकल चालवा, नाहीतर मी गोळ्या वाढवतो. चालायचा मला भारी कंटाळा. तेव्हा एका मोठ्या शोरूममधून गिअरची सायकल उचलली आणि चार दिवस मोबाइलवर वाचून वाचून तिला काय काय लागतं त्याची यादी केली. अकरा वस्तू झाल्या. माझा स्वभाव असा की मनात आलं की ते आज, आत्ता व्हायला हवं. "हिचं तोंड आधी चालते अन् डोकं मांगून येते," असं माझी आई म्हणायची, आणि आईचं म्हणणं या बाबतीत कधी खोटं ठरलं नाही.

काकाजींनी यादी हातात घेतली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कानामागची पेन्सिल काढली. मोबाइल अडकवायचा चिमटा खोडला. सहा आवाजांचा भोंगा खोडला आणि त्या जागी "घंटी" असं लिहिलं. सीटखालची इवलीशी पिशवी खोडून "टोपली" लिहिलं, कारण, "तुमी येताना भाजी आनसान. त्या पिशवीत एक कांदा मावते." हेल्मेटला हात लावला नाही, मागच्या लाल दिव्यालाही नाही. बाकीच्यावर पेन्सिल फिरवत म्हणाले, "हे अर्धं सामान सायकलचं नाई बाई, मोबाइलचं हाय." आकड्यांचं कुलूप मला फार आवडलं होतं, चावी सांभाळायची कटकट नको म्हणून. काकाजींनी खोक्यातून तसलंच एक जुनं काढलं, पकड घेतली आणि माझ्यासमोर त्याची तार कापून दाखवली. पापड मोडावा तशी मोडली. "हे बकरी बांधाले ठीक हाय." शेवटी जाड साखळीचं कुलूप, टोपली, घंटी, दिवा, हेल्मेट आणि घरी ठेवायचा हवेचा पंप एवढंच उरलं. काकू बाजूनं म्हणाल्या, "आलेलं गिऱ्हाईक अर्धं करून पाठवते हा मानूस."

पण तेवढंही त्या दिवशी मिळालं नाही. घर पाहिल्याशिवाय कुलूप विकायचं नाही, हा काकाजींचा नेम होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते आपल्या काळ्या सायकलवर आमच्याकडे आले. मी पहिल्या मजल्यावर राहायचे. सायकल फाटकाला बांधायची असं मी ठरवूनच ठेवलं होतं. काकाजींनी फाटक दोन्ही हातांनी धरून नुसतं वर उचललं, तर ते बिजागरीतून निघून त्यांच्या हातात आलं. "चोर कुलूप काहून तोडीन? फाटकासंग घेऊन जाईन." मग त्यांनी जिन्याखालचा लोखंडी खांब शोधला, तो हलवून पाहिला, आणि सायकल तिथे कशी उभी करायची, साखळी फ्रेममधून आणि मागच्या चाकातून कशी काढायची, कुलपाचं तोंड जमिनीकडे कसं ठेवायचं म्हणजे पाणी-धूळ आत जात नाही, ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. पाणी प्याले. चहा नको म्हणाले, कारण अजून दोन घरं पाहायची होती.

सायकल कुठे ठेवावी याबद्दल त्यांचा वेगळाच विचार होता. लोक चोराला भितात आणि सायकल पश्चिमेच्या भिंतीला उभी करतात, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. "सायकलले चोर एखादवेळ नेते, ऊन तं रोज खाते," ते म्हणायचे. अमरावतीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे समजावून सांगायला नको. टायरला बारीक भेगा पडतात, सीट तडकते, हवा बसते. मी प्लास्टिकचं झाकण घेणार होते, तेही त्यांनी घेऊ दिलं नाही. आत घाम धरतो आणि गंज चढतो म्हणाले. जुनी सुती चादर टाका. मी आईचं जुनं लुगडं टाकलं, आणि खालच्या मजल्यावरची मंडळी कितीतरी दिवस विचारत होती की जिन्याखाली कोणतं दैवत बसवलंय.

घरच्या देखभालीसाठी त्यांनी मला एक डबी भरून दिली होती. पंक्चरच्या पट्ट्या, सोल्युशनची ट्यूब, घासायला कानशीचा तुकडा, टायर काढायच्या दोन पट्ट्या, सहा कोनी चाव्यांचा जुडगा आणि साखळीच्या तेलाची बाटली. ती बाटली दोन महिन्यांत संपली. मी घरातलं फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, लावलं. तेल ते तेलच, असा माझा हिशेब. आठ दिवसांत साखळीवर काळा थर बसला आणि मुंग्या चढल्या. मी सायकल दुकानात नेली. काकाजींनी साखळीला बोट लावून वास घेतला आणि काकूंना हाक मारली, "अवं, पाय इकडं. बाईनं साखळीले फोडणी देल्ली." काकू हसून हसून फुलांच्या परडीवर कलंडल्या. साखळी धुऊन मिळाली, पण मला तीन दुकानांतलं गिऱ्हाईक गोळा होईपर्यंत तिथे उभं राहावं लागलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी काकाजी त्या भागात प्रसिद्ध होते. कुलपासोबत दोन चाव्या येतात. काकाजी गिऱ्हाइकाच्या हातात एकच द्यायचे. दुसरी त्यांच्याकडे राहायची. "दोनी चाव्या तुमी एकाच खुट्टीले टांगता, अन् हरवता बी संगच." त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक लाकडी पाटी होती, तिच्यावर खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक चावी. चावीला तेलाच्या डब्यातून कापलेला पत्र्याचा तुकडा. त्यावर नाव नसायचं, पत्ता नसायचा. फक्त काकाजी ओळखतील अशी खूण असायची. "शेवगा". "दोन कुत्रे". "जिन्यात अंधार". चुकून पाटी कोणाच्या हाती लागली तरी चावी कोणत्या घरची ते कळू नये म्हणून. माझ्या पत्र्यावर लिहिलं होतं, "घाई". मी दोन दिवस रुसले होते.

तीस वर्षं ती पाटी तिथे होती. चावी हरवली की लोक काकाजींकडे यायचे, चावी न्यायचे, नवी करून घ्यायचे आणि मूळची परत खिळ्याला लागायची. कोणी कधी कागद केला नाही, सही केली नाही. काकाजींना त्या पाटीचा अभिमान होता, आणि ते तो लपवत नसत. दुपारी काम नसलं की फडक्यानं एकेक चावी पुसत बसायचे. "बँकेत लोक सोनं ठेवतात, त्याले पावती लागते," ते एकदा मला म्हणाले होते. "हितं पावती नाई लागत." त्या माणसाची आयुष्याची कमाई म्हणजे ती पाटी होती. आणि ती तीन दिवसांत माझ्यामुळे रिकामी झाली. चूक सगळी माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

झालं असं. एका शुक्रवारी संध्याकाळी दर्यापूरहून फोन आला, मावशी गेली. आईच्या मागे तिनंच माझं केलं होतं. शनिवारी पहाटे मी निघाले. रोज कोपऱ्यावर उभा असलेला ऑटो त्या दिवशी नव्हता. तेव्हा मी खांबाची साखळी सोडली, सायकल काढली आणि तशीच एस.टी. स्टँडवर गेले. तिथल्या सायकल स्टँडवर ती लावली, बिल्ला घेतला आणि गाडीत बसले. आता काकाजींचा नियम असा होता की जड कुलूप घरचं, ते खांबालाच राहू द्यायचं, बाहेर जाताना वेगळं लहान कुलूप न्यायचं. पण खांबावरचं कुलूप लावून जायचं, उघडं सोडलं तर धूळ खातं. मी एरवी न चुकता लावायचे. त्या पहाटे ते उघडंच लोंबकळत राहिलं. नवरा परतवाड्याहून परस्पर दर्यापूरला आला होता आणि तिथूनच परत गेला. मी रविवारी संध्याकाळी मामेभावाच्या कारनं आले. त्यानं दारात सोडलं. मी रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी वर गेले आणि झोपले. सायकलनं गेले होते हे डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

सोमवारी ऑफिसला निघाले तर खांब रिकामा. साखळी खांबाला, कुलूप उघडं, कुठे एक ओरखडा नाही. म्हणजे कोणीतरी चावीनं उघडलं. माझी चावी तर पर्समध्ये होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी पायीच दुकानात गेले. पाच-सहा माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकाजी, माझी सायकल गेली. कुलूप चावीनं उघडलंय. एक चावी माझ्याकडे आहे, दुसरी तुमच्याकडे होती."

काकाजी उठले. पाटीवरून माझी चावी काढली आणि तळहातावर ठेवून बघत राहिले. दुसरा कोणी असता तर भांडला असता. ते म्हणाले, "चावी तं हाय. पन परवा होती का नोती, हे मी कसं सांगू? मी का रोज मोजतो?" खरं बोलायची सवय माणसाला कुठे नडेल काही सांगता येत नाही. तेवढ्या एका वाक्यानं सगळ्यांच्या नजरा पाटीकडे वळल्या. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. "घ्या. आता दोनी तुमच्यापाशी." आणि मग साईनगरचे एक निवृत्त मास्तर, जे वीस वर्षं तिथे यायचे, खाकरले आणि खाली बघत म्हणाले, "काकाजी, तसं काही नाही, पण आमचीही देऊन ठेवता का?" काकाजींनी ती काढून दिली. मग आणखी एकानं मागितली. मी तिथून निघाले तेव्हा काकू हार ओवायच्या थांबल्या होत्या.

ऑफिसात मी दोन दिवस हेच सांगत होते. सगळे म्हणाले, तक्रार द्या, आणि त्यांचं नाव टाका. बुधवारी दुपारी मी अर्ज लिहिला. नाव टाकलं. पोलीस सायकलची पावती मागतील म्हणून ती शोधायला पर्स टेबलावर पालथी केली, तर आतल्या कप्प्यातून गोळ्यांच्या पाकिटासोबत सायकल स्टँडचा पत्र्याचा बिल्ला निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फरक एवढाच की वळसा घालताना मी एका माणसाला तुडवून गेले होते. मला दरदरून घाम फुटला. शेजारच्या बाईला वाटलं शुगर उतरली, तिनं साखर आणून दिली.

सायकल स्टँडवर होती, धुळीनं माखलेली. स्टँडवाला म्हणाला, "ताई, आमाले वाटलं तुमी सोडूनच देल्ली." मी तिच्यावर बसून थेट दुकानात गेले. काकाजी नव्हते. पाटी मोकळी होती, नुसते खिळे. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. मी घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिवसांपासून घरोघरी चाव्या वाटत फिरून राहिले. जेवले नाई धड. तीस वर्षांत कोनी बोट नोतं दाखवलं बाई. आता तुमीच सांगा, मी काय म्हनू तुमाले?" मी म्हटलं, काहीही म्हणा. त्यांनी माझ्याकडे बसायला पोतं सरकवलं. ते जास्त लागलं.

काकाजी तासाभरानं आले. हातातली पिशवी रिकामी होती, म्हणजे शेवटची चावीही देऊन झाली होती. त्यांनी आधी माझ्या सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं. "हवा कमी हाय," म्हणाले आणि पंप लावला. हवा भरून झाल्यावर मी सगळं सांगितलं, अर्जात नाव टाकलं होतं तेही. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सायकल सापडली ना? मंग बरं झालं." मी म्हटलं, मी प्रत्येकाच्या घरी जाते आणि सांगते. "कोनाच्या जासान? खुना तं मलेच मालूम हायेत, अन् मी सांगत नाई." खरोखरच नाही सांगितल्या.

पण मीही ऐकणाऱ्यातली नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी दुकानात जाऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, मी अमुक अमुक, काकाजींवर आळ घेणारी ती मीच, आणि सायकल माझ्याच विसरभोळेपणानं स्टँडवर पडली होती. काही हसले, काहींनी तोंड फिरवलं. साईनगरचे मास्तर खूप वेळ उभे राहिले आणि हार घेऊन गेले. असे कितीतरी रविवार गेले. तिसऱ्या रविवारी काकाजींनी माझ्या मांडीवर एक ट्यूब टाकली. "बसल्याच हा तं पंक्चर काढा. तोंड चालते तं हात बी चालू द्या." पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कसा पकडायचा, जागा किती घासायची, सोल्युशन वाळायच्या आधी पट्टी का लावायची नाही, चाक बसवताना ट्यूब चिमटत नाही ना ते कसं पाहायचं, ब्रेकची तार कुठे आवळायची, हे सगळं मी तिथे शिकले. डबीतल्या सहा कोनी चाव्या कशासाठी असतात ते मला तीन वर्षांनी कळलं. काकूंशीही बोलणं सुरू झालं, आधी फुलांपुरतं, मग सगळंच.

लोकांना माझं पटलं होतं. बरेच जण चाव्या घेऊन परत आले. काकाजींनी एकही घेतली नाही. नवं कुलूप विकलं की दोन्ही चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "येगयेगळ्या ठेवा." मी एकदा भांडायच्या सुरात विचारलं, आता काय अडचण आहे? सगळ्यांना माहीत झालंय ना? ते साखळी पुसत म्हणाले, "लोकाइचं नाई बाई, माह्यंच. आधी मी चावी टांगून घरी जाऊन जेवत होतो. आता टांगली तं घरी गेल्यावर वाटीन, हाय का नाई? परत येऊन पाहा लागीन." मी बदनामी केली होती ती मागे घेता आली. त्यांच्या मनातला निवांतपणा मी घालवला, तो मला परत आणून देता आला नाही. हे मला आजही छळतं आणि छळावंच.

मग माझी बदली अकोल्याला झाली. सामान भरायच्या दिवशी काकाजी न बोलावता सकाळीच आले. सायकलचं हँडल फिरवून फ्रेमला समांतर केलं, पायडल काढून कागदात गुंडाळून टोपलीत ठेवले, गिअरच्या बाजूला गादी लावली आणि जुन्या ट्यूबांनी ती कपाटाला अशी बांधली की ट्रकवाला बघत राहिला. खांबावरची साखळी सोडून मी हातात घेतली. दोन्ही चाव्या कुलपालाच लटकत होत्या. काय वाटलं कोण जाणे, एक काढली आणि त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "काकाजी, ही ठेवा ना तुमच्याकडे."

अकोल्यातल्या कुलपाची चावी अमरावतीत ठेवून कोणाला काय उपयोग, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. ते चावीकडे पाहत राहिले. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी काही बोलले नसते. त्यांनी हात पुसला, चावी घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "हरवली तं फोन करा. एस.टी.वाल्याच्या हाती देतो, दोन-अडीच घंट्यात पोचते." मग म्हणाले, "बाकी कोनाले सांगू नका." मी ट्रकमागून नवऱ्याच्या गाडीत बसले आणि बडनेरा ओलांडेपर्यंत रडत होते. नवरा म्हणाला, अगं, शंभर किलोमीटरवर तर चाललोय.

काकाजी गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा उजव्या अंगाला काही नव्हतं, काकू एकट्याच शेवंती ओवत होत्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. उठताना त्या म्हणाल्या, "तुमची चावी हाय बरं आमच्यापाशी. देवाच्या फळीवर ठेवत होते ते. कधी कधी उठून पाहून येत, मंग जेवाले बसत. देऊ का?"

मी म्हटलं, राहू द्या. अकोल्यात माझ्याकडे त्या कुलपाची एकच चावी आहे. ती हरवली तर कुलूप तोडावं लागेल. तोडीन. दुसरी चावी काकाजींकडे आहे, ती मी मागणार नाही.